बशीभर

पोटाचा ऐंशी टक्के भाग कापून नेला
विन्या देल मारच्या इस्पितळात, मंगळवारी सकाळी.
कुठे टाकला, मी विचारलं नाही.
उरलं ते केळ्याएवढं,
असं सांगत सर्जननं हवेत बोट फिरवलं,
तेव्हापासून मला केळंही नको झालं.

अकरावा आठवडा.
अंडं नको. तळमजल्यावर कुणी अंडं फोडलं
की चौथ्या मजल्यावर मला कळतं.
कोंबडी नको. ओल्या कुत्र्यासारखी लागते.
ओलं कुत्रं कधी खाल्लं नाही, तरी माहीत आहे.
पाण्याला नाण्याची चव.
डब्यातली पावडर, व्हॅनिला म्हणे:
खडूची भुकटी, साखरेनं फसवून आणलेली.

माकारेना, आहारतज्ज्ञ पोरगी, नखं कुरतडलेली,
वहीत लिहून देते: रोज साठ ग्रॅम प्रथिनं.
मी बेरीज करते. एकोणीस. बावीस. सोमवारी सतरा.
न्हाणीच्या जाळीत केसांचा पुंजका,
रोज थोडा मोठा.
आधी प्रथिनं, म्हणते ती, मग भाजी,
जागा उरली तर पाव.

अगं बाई, मी पाव विकते.
बावीस वर्षं पहाटे गिऱ्हाइकापुढे मराकेता मोडून दाखवते,
कडकड वाजतो की नाही ते ऐकवायला.
आता तेवढ्या आवाजावर भागवते.
नाही, भागत नाही. पण ऐकते.

रविवारी सासूकडे, टेकडीवर.
दोन्या एर्मिनियाची काझुएला:
कोंबडीची तंगडी, भोपळ्याची फोड, कणसाचा तुकडा,
आणि वाफ.
वाफ आली तशी मी खिडकीशी गेले.
बंदरातल्या क्रेन मोजल्या. सात. पुन्हा सात.
"माझ्या हातचं नको झालं," ती म्हणाली,
मला नाही, पातेल्याला.
वेन्सेस्लाओनं मान खाली घालून
माझ्या वाटचंही संपवलं,
नेहमीसारखं, कुणाची बाजू न घेता,
दोन्ही ताटांतलं खात.

या घरात मी फार पोटात घातलं.
लग्नाच्या झग्यावरचा शेरा,
पडद्याचं कापड उरलं होतं का म्हणून.
थोरल्या जावेची कंबर, दर नाताळला.
मलाच आग्रहानं दुसऱ्यांदा वाढणं,
आणि मग माझ्या दंडाकडे बघणं.
सगळं पोटात घातलं, वर पाव लावून.
त्यांनी कापून नेलं ते तेच असेल कदाचित.
आता जागा नाही, सासूबाई.
अर्ध्या कपात काय काय मावणार?

हे बोलले नाही.
खिडकीकडे तोंड करून म्हटलं,
"वास सहन होत नाही. तुमचा दोष नाही."
दुसरं वाक्य खरं होतं का,
अजून ठरतं आहे.

रात्री झोप नाही. भूकही नाही, नुसती थरथर.
दाराशी भूकंपासाठी भरून ठेवलेली पिशवी:
बॅटरी, शिट्टी, घोंगडी,
आणि तळाशी हुरेल माशाचा डबा.
आमच्याकडे पगाराआधीच्या आठवड्यात
हाच डबा, भरपूर कांदा घालून, सात तोंडांना.
पंधराव्या वर्षी मी शपथ घेतली होती:
माझ्या घरात हा मासा शिजणार नाही.
पिशवीत चालतो. पिशवी म्हणजे घर नव्हे.

डबा उघडला. नाकानं वाट पाहिली.
काही झालं नाही.
बशीत दोन चमचे, काट्यानं कुस्करून, वर लिंबू.
वीस वेळा चावायचं असतं.
बारापर्यंत आले, मग आई आठवली,
कांदा चिरताना मुद्दाम रडून घेणारी,
आणि मोजणी चुकली.
गिळला घास.
बेसिनची कड धरून थांबले.
खाली गेला, आणि तिथेच राहिला.

सात ग्रॅम, फार तर आठ.

वेन्सेस्लाओ दारात, एका पायात चप्पल,
उघड्या पिशवीकडे बघत:
"भूकंप झाला?"
"झाला," म्हटलं, "थोडासा. झोप तू."

पाणी अर्ध्या तासानं.
घड्याळ लावलं.
बशी चाटली, बसून राहिले.